चटक तिची, तल्लफ त्याची

भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटली की टपऱ्यांवर गर्दी होते. गरम आलुगुंडा (म्हणजे आपला बटाटेवडाच), समोसा, भरपूर साखरेचा चहा आणि वर तंबाखूची चिमूट. रात्रभर राबलेला माणूस हे सगळे मागून घेतो आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. तोच माणूस घरी येतो, बायको तांदूळ निवडता निवडता चार कच्चे दाणे तोंडात टाकताना दिसते आणि तो हसून म्हणतो, "तुम्हा बायकांच्या जिभेला आवर म्हणून नाही!"

हा संवाद भिलाईतला असो, नागपुरातला असो वा पुण्यातला, थोड्याफार फरकाने घरोघरी ऐकू येतो. आपल्या भाषेनेही ही वाटणी करून टाकली आहे. स्त्रीला चटक लागते, तिचे जिभेचे चोचले असतात, तिला डोहाळे लागतात. पुरुषाला मात्र 'तल्लफ' येते आणि तल्लफ आली की ती भागवायची असते, त्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही.

ही चेष्टा घरातल्या घरात होती तोवर ठीक होते. पण गेल्या काही वर्षांत तिला शास्त्राचे पाठबळ मिळाल्यासारखे बोलले जाऊ लागले आहे. स्त्रियांचा मेंदूच खाण्यापुढे हार मानतो, असे एक संशोधन सांगते म्हणतात. मेंदूला विजेचा हलका प्रवाह दिला की खाण्याची ओढ कमी होते, असे दुसरे सांगते. वाढत्या वजनाने त्रासलेल्या गृहिणीने या दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या, तर तिला वाटणार की दोष आपल्या डोक्यात आहे आणि इलाज यंत्रात. म्हणून त्या बातम्यांच्या मुळाशी नेमके काय आहे, हे पाहायला हवे.

उपाशीपोटी समोर आलेला केक

पहिली बातमी २००९ च्या जानेवारीतली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे डॉ. जीन-जॅक वाँग, डॉ. नोरा व्होल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांची तपासणी केली. त्यांत १३ स्त्रिया होत्या आणि १० पुरुष. प्रत्येकाला १७ ते २० तास उपाशी ठेवले आणि मग त्याच्या सर्वांत आवडीचा पदार्थ त्याच्यासमोर आणला. कुणाचा पिझ्झा, कुणाचा चॉकलेट केक. पदार्थ गरम करून त्याचा वास दिला, जिभेला नुसती चव लावली, पण खायला दिले नाही. त्या वेळी मेंदूचा कोणता भाग किती काम करतो आहे, याची चित्रे पेट स्कॅनच्या साहाय्याने घेतली. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो साखरही जास्त वापरतो. शरीरात सोडलेल्या किंचित किरणोत्सारी साखरेवरून हे यंत्राला दिसते.

एका फेरीत या मंडळींना सांगण्यात आले की समोरचा पदार्थ बघा, हुंगा, पण खाण्याची इच्छा मनातून काढून टाका. पुरुषांनी तसे केले तेव्हा भावना, आठवण आणि सुख यांच्याशी संबंध असलेले मेंदूतले अनेक भाग शांत झाले. स्त्रियांच्या मेंदूत तशी घट दिसली नाही. भूक कमी वाटते असे त्यांनी तोंडाने सांगितले, पण चित्रात मेंदू तसाच पेटलेला होता.

झाले! स्त्रियांना भुकेवर ताबा ठेवता येत नाही, अशा अर्थाच्या बातम्या जगभर छापून आल्या.

आता १७ ते २० तासांचा उपास म्हणजे काय, हे छत्तीसगडातल्या बाईला समजावून सांगायला नको. भाद्रपदात तीजेच्या आदल्या रात्री ती 'करू भात' खाते, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. त्यानंतर दुसरा दिवसभर आणि रात्रभर पाण्याचा घोटही घेत नाही. आपल्या हरितालिकेचेच हे कडक रूप. भिलाईत स्थायिक झालेली मराठी सून हरितालिका धरते, शेजारीण तीजा धरते आणि दोघींच्या स्वयंपाकघरांत त्या काळात कढई चढलेली असते. ठेठरी आणि खुरमी हे तीजेचे खास पदार्थ. बेसनाची खमंग ठेठरी तळून काढायची, गुळाची खुरमी डब्यात भरायची, मुलांना द्यायची, नैवेद्याला बाजूला ठेवायची आणि स्वतः चवही बघायची नाही.

त्या क्षणी तिच्या मेंदूचे चित्र काढले तर ते कदाचित ब्रूकहेवनच्या त्या तेरा जणींसारखेच दिसेल. पण तिचा हात तोंडाकडे जात नाही. मेंदूत पेटलेला दिवा आणि प्रत्यक्ष खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगात मोजली गेली ती पहिली. दुसरी मोजलीच नव्हती. उलट असेही म्हणता येईल की आतून एवढी ओढ असूनही जी हात आवरते, तिचा निग्रह मोठा. शिवाय तपासलेली माणसे अवघी २३. तेवढ्यावरून जगातल्या सगळ्या स्त्रियांविषयी निकाल देणे म्हणजे शितावरून भाताची नव्हे, साऱ्या शेताची परीक्षा करण्यासारखे आहे. संशोधकांनी हा फरक स्त्रियांमधल्या लठ्ठपणाचे एक संभाव्य कारण म्हणून मांडला होता. बातम्यांनी त्यातला 'संभाव्य' हा शब्द सोयीस्करपणे गाळला.

वेल्डिंगच्या एक लाखावा भाग

दुसरी बातमी विजेची. हथखोजच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या कामगाराच्या हातातल्या यंत्रातून दीडदोनशे अँपिअरचा प्रवाह वाहतो. मेंदूसाठी वापरतात तो प्रवाह असतो फक्त २ मिलिअँपिअर. २०० अँपिअरचा एक लाखावा भाग! मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावतात, पट्ट्याने बांधतात आणि वीस मिनिटे हा बारीकसा प्रवाह सोडतात. माणूस जागा असतो, गप्पा मारू शकतो. त्वचेला सुरुवातीला थोडी खाज सुटते, एवढेच. याला 'ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन' किंवा थोडक्यात टीडीसीएस असे लांबलचक नाव आहे. हे मानसोपचारातले शॉक नव्हेत. त्यांचा आणि याचा काही संबंध नाही.

कपाळाच्या वरच्या बाजूला, केस सुरू होतात त्याच्या आसपास, मेंदूचा जो भाग येतो तो विचार करून निर्णय घेण्याच्या, स्वतःला थांबवण्याच्या कामी येतो. समोर जिलबी दिसली की आतला एक भाग 'घे' म्हणतो आणि हा पुढचा भाग 'थांब' म्हणतो. या 'थांब' म्हणणाऱ्याला थोडे बळ द्यायचे, ही त्यामागची कल्पना. हा प्रवाह पेशींना काम करायला भाग पाडत नाही. त्या जरा लवकर किंवा जरा उशिरा जाग्या होतील, एवढाच फरक करतो.

अशीच दुसरी पद्धत चुंबकाची. तिच्यात डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय ठोके देतात. लंडनच्या मानसोपचार संस्थेत डॉ. रुडॉल्फ उहर यांनी २००५ मध्ये २८ स्त्रियांवर हा प्रयोग केला. आवडीचे पदार्थ समोर ठेवल्यावर, ज्यांना नुसता खोटा उपचार दिला होता त्यांची ओढ वाढली. ज्यांना खरा दिला त्यांची वाढली नाही. मात्र नंतर पाच मिनिटे खायला मोकळीक दिली तेव्हा दोन्ही गटांनी सारखेच खाल्ले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्त्री-पुरुषांची तुलना करणारा प्रयोग पुढे अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील शाखेत झाला. डॉ. मेरी बोजियानो यांच्या गटाने तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. भराभरा, ताबा सुटल्यासारखे खाण्याचा त्रास असलेली ३० माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाला एकदा खरा प्रवाह दिला, एकदा खोटा. खऱ्या प्रवाहानंतर गोड पदार्थांची आणि इतर काही पदार्थांची ओढ कमी झाली आणि ती सर्वांत जास्त कमी झाली पुरुषांची. ताव मारून खाण्याची इच्छाही त्या दिवशी घटली ती पुरुषांचीच. इथवर वाचून कुणी म्हणेल, पाहा, पुन्हा पुरुषांचा मेंदूच ऐकतो!

पण पुढचे वाक्य बहुतेक जण वाचत नाहीत. प्रत्यक्षात किती खाल्ले हे मोजले तेव्हा एकूण खाणे ११ टक्क्यांनी आणि सर्वांत आवडीच्या पदार्थाचे खाणे साडेसतरा टक्क्यांनी घटले आणि ते स्त्री असो वा पुरुष, दोघांचेही. म्हणजे इच्छा कमी झाल्याचे पुरुषांनी जास्त सांगितले, पण ताटात दोघांनीही कमी घेतले. तीजेच्या कढईसमोर उभ्या असलेल्या बाईत जे दिसते, तेच इथे वेगळ्या रीतीने दिसले. मनात काय आहे आणि तोंडात काय गेले यांचा हिशेब स्त्रियांच्या बाबतीत एकमेकांशी जुळेलच असे नाही.

याच गटाने नंतर आणखी एक प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोच सर्वांत बोलका आहे. वजन जास्त असलेल्या काही लोकांना सांगितले, 'तुम्हाला खरा प्रवाह देतो आहोत', काहींना सांगितले, 'खोटा देतो आहोत'. सांगितले एक आणि दिले दुसरेच, असेही काहींच्या बाबतीत केले. ज्यांना 'खरा' सांगितला होता त्यांची ओढ कमी झाली, त्यांनी खाल्लेही कमी. डोक्यातून प्रवाह प्रत्यक्षात गेला होता की नाही याने फरक पडला नाही! गुण आला तो विश्वासाला. आपल्याकडे गंडा बांधल्यावर पोटदुखी थांबते ती काही दोऱ्यामुळे नव्हे, तसलाच हा प्रकार.

यापुढची पायरी म्हणजे शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आत तार बसवणे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघीही स्त्रिया, इतर सगळे उपाय थकल्यावर त्या या टोकाला आल्या होत्या. खाण्याची ओढ उसळण्याआधी मेंदूत जी विशिष्ट लहर उठते ती हे यंत्र ओळखते आणि तेवढ्यापुरताच विजेचा ठोका देते. दोघींना सहा महिन्यांत बराच आराम पडला. हा फार मोठा शोध ठरू शकेल, पण दोन रुग्ण म्हणजे दोनच रुग्ण.

चुंबकाच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२० मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मान्यता दिली. खाण्याच्या ओढीसाठी अशी मान्यता नाही. आपल्या देशातही मोठ्या मानसोपचार रुग्णालयांत हे उपचार होतात, ते मनाच्या आजारांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तेव्हा घरच्या घरी वापरायचे वजन घटवणारे विजेचे पट्टे कुणी विकायला आणले तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. ज्यांना फिट्स येतात, ज्यांच्या डोक्यात धातूची पट्टी वा क्लिप बसवलेली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. स्पंज नीट भिजलेला नसला तर कातडी भाजते, हेही विक्रेता सांगत नाही.

पुरुष उपाशी राहतात तेव्हा

ओढ ही बाईच्या जातीलाच चिकटलेली असेल तर पुरुषांत ती इतकी दिसायला नको. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरायचे हे शिकण्यासाठी ते तरुण स्वखुशीने तयार झाले होते. काही आठवड्यांतच त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. धडधाकट पुरुष पाककृतींची पुस्तके जमवू लागले, रात्री पदार्थांची वर्णने वाचत पडू लागले, ताटे चाटूनपुसून खाऊ लागले. त्यांच्यातले काही जण पुढे चक्क आचारी झाले!

दुसरे उदाहरण तर रात्रपाळी करणाऱ्यांनी वाचावेच. शिकागो विद्यापीठात डॉ. करीन स्पीगल आणि डॉ. ईव्ह व्हॅन कॉटर यांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. बाराही पुरुषच. दोन रात्री त्यांना फक्त चार चार तास झोपू दिले. पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, भुकेचा निरोप देणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. भूक २४ टक्क्यांनी वाढली आणि सर्वांत जास्त वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची इच्छा. हथखोजच्या टपरीवर सकाळी समोसा आणि गोड चहा का खपतो, याचे यापेक्षा सरळ उत्तर मिळणार नाही. मग ज्या बाईला नवऱ्याच्या पाळीप्रमाणे रात्री दोनला उठून दार उघडावे लागते आणि पाचला उठून मुलांचे डबे करावे लागतात, तिची झोप किती होते? तिच्या भुकेचा हिशेब मात्र कुणी घ्रेलिनशी जोडत नाही. तो जोडला जातो तिच्या स्वभावाशी.

ओढ कशाची लागावी हेही बरेचसे आपण ज्या घरात वाढतो तिथे ठरते. अमेरिकेत पाळीच्या दिवसांत चॉकलेट खावेसे वाटते असे सांगणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. ते शरीराच्या रसायनांमुळे असेल अशी समजूत होती. डॉ. ज्युलिया होर्मेस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेत जन्मलेल्या आईबापांच्या मुलींपैकी जवळजवळ ३३ टक्के जणींनी असे सांगितले. परदेशातून आलेल्या स्त्रियांत मात्र हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते. पाळी तर दोघींनाही येते. आपल्याकडच्या आजीला त्या दिवसांत चॉकलेट कधी आठवले नाही. तिला आठवला असेल तर गूळखोबरे.

डोहाळ्यांमागचे रक्त

डोहाळ्यांकडे पाहण्याची आपली जुनी दृष्टी मात्र कोत्या मनाची नव्हती. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दोन हृदयांची म्हटले आहे, एक तिचे आणि एक बाळाचे. तिची इच्छा मोडू नये असे तिथे सांगितले आहे. मराठी घरातले डोहाळजेवण आणि छत्तीसगडातली सातव्या महिन्यातली सधौरी एकाच जिव्हाळ्यातून आल्या आहेत. माहेरची माणसे गोडधोड घेऊन येतात, ओटी भरतात आणि एक दिवस का होईना, पंगतीत तिला पहिले वाढतात.

उरलेल्या दिवसांचे काय? अनेक घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि भाजी उरली तर घेते, डाळ उरली तर घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे, म्हणजेच त्यांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत प्रमाण होते २५ टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५४ टक्के आणि छत्तीसगडात ६१ टक्क्यांच्या घरात. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून लोहखनिज येते, १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्यांतून लोखंड वाहते आहे आणि त्याच राज्यातल्या दर पाच स्त्रियांपैकी तिघींना रक्तक्षय आढळला.

कच्चे तांदूळ, खडू, भिंतीची माती, चुलीतली भाजकी माती, पाटीची पेन्सिल, बर्फ असले काही खावेसे वाटणे याला डॉक्टर 'पायका' म्हणतात. लोहाची कमतरता असलेल्यांत हे पुष्कळदा दिसते, गरोदरपणी तर फारच. बायका हे लपवतात, कारण घरात हसतात. सासूला कळले तर ती 'घाणेरडी सवय' म्हणून रागावते आणि मग माती पदराआड खाल्ली जाते. मातीतून जंत पोटात जातात, काही जंत रक्त शोषतात, रक्त आणखी उतरते आणि ओढ आणखी वाढते. मेंदूच्या चित्रावरून वाद घालणाऱ्यांना हे चक्र दिसत नाही, कारण ते प्रयोगशाळेत येतच नाही.

याला ना विजेचा पट्टा लागतो ना चुंबक. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली किंवा पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या सुरू करतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर चांगली लागते. शौचाला काळसर होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. आणि जिला बर्फाची किंवा मातीची ओढ आहे तिला बरेचदा असा अनुभव येतो की हिमोग्लोबिनचा आकडा वर चढायला अजून आठवडे असतात, तोच ती ओढ काही दिवसांतच ओसरू लागते.